'बहीण' नावाची फाईल

नाशिक,
६ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी तू गाडीत बसलीस आणि मी ऑफिसात परत आले, तर वकीलसाहेब अजून तुझ्याच सहीबद्दल बोलत होते. आमच्याकडे लोक कशीतरी रेघ ओढतात आणि पळतात. तू मात्र खुर्ची ओढून, चष्मा पुसून, आख्खं नाव वळणदार लिहीत बसलीस, अन् मागे बारा माणसं ताटकळत उभी! तुझ्या अंगणवाडीतली पोरं आता मोठी झाली गं, पण तुझा पाटी गिरवायचा थाट काही गेला नाही.

फोन करून उपयोग नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. समोर बसलेल्या माणसाचं तुला सगळं ऐकू येतं आणि फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करून ठेवून देतेस. म्हणून सगळं एकदा नीट लिहिते, म्हणजे तुझ्याजवळ राहील. आजोबांचं रस्त्यालगतचं घर आणि मागचं अर्धा एकर रान, यात तुझा हिस्सा आहे, असा तुझा दावा. यादवमामा गेल्यावर त्यांचा मुलगा धनराज म्हणतो की सगळं त्याचंच, आणि त्याला ते वाईनच्या कारखान्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्याला विकायचंय. कोर्टानं त्याला मनाई केली आहे. निकाल लागेपर्यंत घर पाडायचं नाही, विकायचं नाही. आता २१ तारखेला तुझी साक्ष. तुझं जे काही म्हणणं आहे ते शपथपत्रात लिहून आपण दिलेलंच आहे, तिथे फक्त समोरचे वकील त्यावर प्रश्न विचारतील. त्याला उलटतपासणी म्हणतात. घाबरायचं काही नाही.

तू जाताना म्हणालीस की कागद वाचून दाखवला नाही. मावशी, तू जे सांगितलंस तेच आहे गं त्यात, फक्त इंग्रजीत. आमच्याकडे सगळं इंग्रजीतच टाईप होतं. तेवढ्यावरून फुगू नकोस.

मयूर आणि रोहिणी मजेत. गुळाच्या पोळ्या करशील तेव्हा आमची आठवण ठेव. माया आहे तशी राहू दे, ही विनंती.

तुझी,
मोहिनी

*

खालची वाडी, ता. दिंडोरी
९ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
नवसामावशीचे अ. उ. आ.

पत्र वाळू पोस्टमननं आणून दिलं. त्यो म्हणला, मावशी, आता गावात पत्र येणाऱ्या तुम्ही एकट्याच उरल्या, तुमच्यापायी माझी नोकरी टिकून हाय. मी म्हणलं मग चहा पिऊन जा.

थंडी लय पडलीय. द्राक्षाच्या बागांत रात्रीच्या शेकोट्या पेटवत्यात, मणी तडकू नये म्हणून. धनराजच्या बागेला यंदा माल चांगला हाय. मला वाईट वाटत नाय त्याचं. पोरगं माझ्या हातावर वाढलंय. पण परवा त्यो आन् कोण एक टोपीवाला टेप घेऊन आले आन् माझ्या अंगणात खुंट्या ठोकून गेले. मी इचारलं तर म्हणला, आत्या, नुसतं मोजतोय. मी दुपारी खुंट्या उपटल्या आन् चुलीत घातल्या. वाळकं लाकूड व्हतं, भाकरी चांगल्या फुगल्या.

आता तुला रागवते. मी सातवी पास बाई. किराण्याची पुडी सोडली तर तिचा कागद वाचल्याबिगर टाकत नाय. एसटीचं तिकीट वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते. आन् ज्या कागदावर माझं घर हाय, त्यो तेवढा मला वाचता येत नाय. ही कुठली रीत गं? कोर्ट आपलं, जज आपले, वकील नाशकाचा, धनराज माझा भाचा, भांडण मराठीत झालं, मग कागद कुणाला कळावा म्हणून इंग्रजीत? मागं बारा माणसं उभी व्हती म्हणून मी गप सही केली, पण त्या रात्री मला झोप नाय. न वाचता सही केली असं माझ्या जन्मात झालं नव्हतं.

तेव्हा तू असं कर. सणाची सुट्टी असंल तव्हा बस आन् त्यो सगळा कागद मला मराठीत लिहून धाड. एक शब्द गाळू नको. मी म्हातारी हाय, खुळी नाय.

रोहिणीला गोड पापा. मावशी खवट असली तरी तुमचीच हाय, इसरू नका.

तुझी,
नवसामावशी

*

नाशिक,
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आज सकाळी शपथपत्राची प्रत घेऊन बसले. पहिलं कलम, दुसरं, तिसरं, सगळं तू सांगितलंस तसं. आठव्या कलमाशी आले आणि तेच कलम चार वेळा वाचलं. त्यात लिहिलंय, मी शब्दाला शब्द देते: मी माझ्या भावाकडून माहेरची साडी-चोळी स्वीकारून, प्रेमापोटी आणि राजीखुशीने, माझा हिस्सा त्याच्या लाभात कायमचा सोडला आहे.

मावशी, हे तू बोलली नाहीस. हे मी लिहिलेलंही नाही. पण हे माझ्याच हातून झालंय. आमच्या कॉम्प्युटरमध्ये 'बहीण' नावाची एक फाईल आहे. कुणी बहीण शपथपत्र करायला आली की ती फाईल उघडायची, नाव-गाव-गट नंबर बदलायचा आणि छापायचं. कारण आमच्याकडे येणारी प्रत्येक बहीण हक्क सोडायलाच येते. अकरा वर्षांत हक्क मागायला आलेली तू पहिली. बाकीची कलमं मी बदलली, तुझी म्हणून नवीन लिहिली, आणि हे एक तसंच राहिलं. वकीलसाहेबांनी त्या दिवशी चाळीस कागदांवर सह्या केल्या. त्यांनीही वाचलं नाही.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. आधी ते पांढरे पडले, मग म्हणाले की कागद दाखल झालाय, आता स्वतःहून काढायला गेलो तर समोरच्यांना आयतं कोलीत मिळेल. उलटतपासणीत तू सांगायचंस की हे खोटं आहे, म्हणजे भागेल. मावशी, तू तेवढंच कर. तुला विचारतील की कागद मराठीत समजावून सांगितला होता का. तू सरळ नाही म्हण. मला कुणी वाचून दाखवलं नाही, असं स्पष्ट सांग. तेच खरं आहे.

साहेबांनी मला त्या दिवशी कोर्टात थांबायला मनाई केली आहे. मी ऑफिसातच असेन. शेजारच्या लताबाईंना सोबत घेऊन ये, एकटी येऊ नकोस.

तिळगूळ पाठवतेय. गोड बोल म्हणायचं तोंड मला नाही. राग काढ, पण माया तोडू नकोस.

तुझी अपराधी,
मोहिनी

*

खालची वाडी,
२३ जानेवारी २०२५

चि. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा कोर्टातून तडक घरी आले, तुला भेटायला थांबले नाय, म्हणून तू चिडली असशील. थांबले असते तर तुह्या तोंडाकडं बघून मला रडू आलं असतं. लताबाईपुढं मला रडायचं नव्हतं.

काय झालं ते सांगते. जज बाई हायेत, वयानं तुह्याएवढ्या असतील. त्या मराठीत बोलल्या, सावकाश, मला सगळं ऐकू आलं. शपथ घेतली. मग धनराजचा वकील उठला. त्यानं त्यो कागद माझ्या हातात दिला आन् इचारलं, ही सही तुमची का. मी हो म्हणलं. माझी सही मला कळत नाय व्हय? मग इचारलं, हा कागद तुम्हाला मराठीत वाचून समजावून सांगितला, मगच तुम्ही सही केली ना.

मी नाय म्हणणारच व्हते. तू लिहिलं व्हतंस ते पाठ करून गेले व्हते. पण त्याच येळेला माझी नजर खाली गेली. मोहिनी, त्या आख्ख्या कागदावर मराठीत दोनच गोष्टी व्हत्या. एक माझी सही. तिच्या खाली इंग्रजीत काय एक ओळ, आन् त्या ओळीखाली तुझी सही. तुझं नाव, आपल्या लिपीत. त्यो वळणदार म तू लहानपणी माझ्याच पाटीवर गिरवलाय. मी काय ते समजले. ही जी ओळ हाय, समजावून सांगितल्याची, तिच्याखाली माझ्या पोरीची सही हाय. मी नाय म्हणले तर खोटी कोण ठरणार?

मी हो म्हणले.

मग त्यानं आठवं कलम मराठीत वाचून दाखवलं आन् इचारलं, हे बरोबर हाय ना. मी म्हणलं, साफ खोटं, साडी मी दरसाल भाऊबीजेला घेते, घर सोडलं असं मेल्यावर बी म्हणणार नाय. त्यो हसला. मग म्हणला की समजावून सांगितलं आन् तुम्ही सही केली, तर मग एक तर तुम्ही हक्क सोडलाय, नायतर समजावणारी खोटी. दोघांतलं कोणतं? मी गप राहिले. जज बाईंनी दोनदा इचारलं. मी गपच. त्यांनी लिहून घेतलं की साक्षीदार गप्प.

मी चुकले आसंन. पण त्या पिंजऱ्यात उभं राहून मला दुसरं काय सुचलं नाय. तू मनाला लावून घेऊ नको. जेवत जा.

आशीर्वाद हायेतच, मागायची गरज नाय.

नवसामावशी

*

नाशिक,
२७ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काय केलंस हे? कुणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या संडासात जाऊन रडले, आणि मग तुझा इतका राग आला की बाहेर येऊन तीन शपथपत्रं चुकीची छापली.

खरं तर राग माझाच आहे. त्या ओळीखाली माझी सही असते हे मी संक्रांतीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं. लाज वाटली. ती ओळ आमच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी असते: वरील मजकूर मी मराठीत वाचून समजावून सांगितला. खाली माझी सही. दिवसाला दहा-पंधरा. मी कधीही कुणालाही काही समजावून सांगितलेलं नाही. वेळच नसतो. लोकही विचारत नाहीत, मान डोलावतात आणि जातात. विचारणारी तू एकटी, आणि तुलाही मी फुगू नकोस म्हणाले.

आता पुढचं ऐक. धनराजच्या वकिलानं अर्ज दिलाय की तू हक्क सोडल्याचं तुझ्याच कागदावर आहे, म्हणून मनाई उठवावी. १० फेब्रुवारीला सुनावणी. मनाई उठली तर दुसऱ्या दिवशी घर पाडायला तो मोकळा. साहेब म्हणतात, अशा नुसत्या लिहिण्यानं हक्क जात नाही असं ते कायद्यानं मांडतील. पण हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खरा उपाय एकच आहे. मी कोर्टापुढे जाऊन सांगायचं की मी तुला काही वाचून दाखवलं नाही आणि माझी सही खोटी आहे. ते म्हणाले, तसं केलंस तर नोकरी विसर, वर कोर्ट तुझ्यावर काय करेल त्याची मी हमी देत नाही. मयूरच्या कंपनीत तर दिवाळीपासून आठवड्याला तीनच दिवस काम आहे. तो म्हणाला, तुला पटेल ते कर. असं म्हणून तो गच्चीवर जाऊन तासभर उभा राहिला.

मी भित्री आहे, मावशी. तुझ्यासारखी नाही. काय करावं मला कळत नाही. खरंच कळत नाही.

तुझी पोर म्हणून लोभ ठेव, बाकी मी कशाला लायक नाही.

मोहिनी

*

खालची वाडी,
१ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,
अ. उ. आ.

तू कुठंबी जायाचं नाय आन् कुणापुढं काय बोलायचं नाय. तुला तुह्या आईची आण हाय. माझं वय सदुसष्ट, राह्यलं किती? तुला पोरगी मोठी करायची हाय. घर काय, मातीचंच हाय.

काल धनराज आला व्हता. साडी, नारळ आन् पेढे घेऊन. पैठणीसारखी, चांगली भारी साडी. पाया पडला. म्हणला, आत्या, कोर्टकचेरीत आपलंच हसं व्हतंय, हे घे आन् मिटवून टाक. मागच्या बाजूला तुला एक खोली बांधून देतो, मरेस्तवर रहा. मग त्यानं पिशवीतून कागद काढला. तडजोडीचा. इंग्रजी! मी म्हणलं, आरं, हे काय लिहिलंय वाच की. त्याला बी येईना. त्यो बी बघत राह्यला नुसता. म्हणला, वकिलानं केलंय म्हंजे बरोबरच आसंन. मला हसू बी आलं आन् कीव बी आली. आत्या-भाचा दोघं त्या कागदाकडं बघत बसलो, आंधळ्यानं आंधळ्याला वाट पुसावी तसं.

मी म्हणलं ठेवून जा. त्यो म्हणला, शनिवारी आठ तारखेला त्याचा वकील सही घ्यायला येईल. वळणावर जेसीबी आणून उभा केलाय. त्याचा डायवर माझ्याच हापशावर पाणी भरतो.

मी ठरवलंय. शनिवारी सही करते. मग कोर्टात तुझं नाव निघायचंच नाय. मला खोली पुरंल. चूल, देव्हारा आन् माझी पुस्तकं मावली म्हंजे झालं.

लताबाई म्हणती की मला येड लागलंय. लागू दे. साडी अजून घडी मोडली नाय, खुंटीला टांगलीय. रात्री तिच्याकडं बघू वाटत नाय.

सुखी रहा. माझ्यापायी घरात भांडू नका.

नवसामावशी

*

नाशिक,
४ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न.

हे पत्र पोस्टात टाकलं नाही, दिंडोरीच्या जीपवाल्याच्या हातात दिलंय. आज संध्याकाळपर्यंत पोचेल. उभ्या उभ्या वाच.

शनिवारी सही करायची नाही. मला आईची आण घातलीस ना? मग आईचंच ऐक.

मी नववीत होते. यादवमामा आईला घेऊन तहसिलात गेले होते. ती परत आली ती हिरवी साडी नेसून, खूष होती. चार दिवसांनी तिनं पेटीतून एक कागद काढला आणि मला म्हणाली, मोहे, तुला इंग्रजी येतं ना, यात काय लिहिलंय बघ. मी वर्गात पहिली यायची. पण तो कागद मला वाचता आला नाही. शब्द ओळखीचे होते, अर्थ लागेना. मी म्हटलं, काही नाही गं आई, मामाच्या शेताचं काहीतरी आहे. तिनं मान डोलावली आणि कागद परत ठेवला. पुढे बाबा गेले, आम्ही भाड्याच्या खोलीत आलो, ती मामाकडे गेली की निदान एक कोपरा दे, तेव्हा मामानं तिला तोच कागद दाखवला. तिच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र. ती त्यानंतर त्या घरी गेली नाही हे तुला माहीत आहे. का गेली नाही ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं, मरायच्या आदल्या महिन्यात. मी इंग्रजी टायपिंगला गेले ते त्या एका कागदापायी, मावशी. आणि शिकून काय केलं? तोच कागद पोत्यानं छापला.

काल मी साहेबांना सांगितलं की मी कोर्टात खरं सांगणार. ते एवढे ओरडले की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. मी माझी पिशवी भरली. आज सकाळी त्यांचाच फोन आला. रात्रभर झोपले नव्हते म्हणे. तुला पुन्हा साक्षीला उभं करायचा आणि नवीन शपथपत्र घ्यायचा अर्ज त्यांनी स्वतः केलाय. शेवटी हेही म्हणाले की महिना संपला की येऊ नकोस. ठीक आहे.

आणखी एक सांगते. मी कोर्टातल्या कारकून बाईंना विचारलं की मराठीत शपथपत्र चालेल का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, चालेल काय, मराठीतच असायला हवं, या कोर्टाची भाषा मराठीच आहे. अकरा वर्षं मी त्या जिन्यानं चढउतर केली आणि कधी विचारलं नाही. साहेबांच्या गुरूंचे नमुने इंग्रजीत होते, म्हणून साहेबांचे, म्हणून माझे.

सोबत तुझं नवीन शपथपत्र आहे. मराठीत. 'बहीण' फाईल न उघडता, कोऱ्या कागदावर लिहिलंय. अक्षर न् अक्षर वाच. चुकलं असेल तिथे खूण कर. आणि दुसरा कागद माझा आहे, माझ्या कबुलीचा, तोही वाच.

दहा तारखेला कोर्टात भेटू. मला वाचवायचा विचारसुद्धा मनात आणलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

मोहिनी

*

खालची वाडी,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मोहिनीस,
नवसामावशीचे पोटभर आशीर्वाद.

परवा पायऱ्यांवर आपल्याला धड बोलता आलं नाय. तू रडत व्हतीस आन् मला शेवटची जीप गाठायची व्हती. तुला आधी बाहेरच बसवलं व्हतं, म्हणून आत काय झालं ते लिहिते.

तुह्या वकिलानं अर्ज वाचला. धनराजचा वकील उसळला. म्हणला, म्हातारीला पढवून आणलंय, आता नवीन कागदावर नवीन गोष्ट. जज बाईंनी त्याला बसवलं. मग माझ्याकडं बघून इचारलं, आजी, हा मराठी कागद तुम्हाला कुणी समजावून सांगितला? मी म्हणलं, कुणीच नाय, मला वाचता येतं. त्या म्हणल्या, मग वाचा.

मी चष्मा पुसला. आन् वाचलं. आख्खं. अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवायचे तसं, दम खाऊन. चवथ्या कलमाशी मी थांबले. तू गोठा घराच्या पूर्वेला लिहिलाय. त्यो पश्चिमेला हाय. खूण करायची इसरले व्हते. मी म्हणलं, बाई, हे चुकलंय, पेन द्या. मागून कुणीतरी हसलं. जज बाईंनी मात्र स्वतःचं पेन दिलं. मी पूर्व खोडलं, पश्चिम केलं, बाजूला सही केली. मग त्या धनराजच्या वकिलाला म्हणल्या की ज्या बाईला गोठ्याची दिशा चुकलेली खपत नाय, तिला आठवं कलम वाचता आलं असतं तर तिनं तिथं सही केली असती का.

शेवटी ती ओळ व्हती, समजावून सांगितल्याची. सवयीनं तू ती टाकलीसच, बयो! मी खोडली. खाली मी लिहिलं: हे मी स्वतः वाचलं. मग तुला बोलावलं आन् तू सगळं कबूल केलंस. पुढचं तुला ठाऊक हाय. त्या तुला बोलल्या ते मला सहन झालं नाय, पण त्या खरं बोलल्या. मनाई तशीच राह्यली, तीन मार्चला माझी पुन्हा साक्ष. तुझ्यावर काय करायचं ते मागून ठरणार म्हणल्या. जे व्हईल त्याला मी तुह्या संगं उभी राहीन, लिहून ठेव.

शनिवारी मी सही दिली नव्हती, तरी बाहेर आल्यावर धनराज उभा व्हता. मी त्याची साडी पिशवीतून काढून त्याच्या हातात दिली. म्हणलं, भाऊबीजेला आण, बाप नाय तर तू दे, तव्हा नेसंन. त्याचे डोळे भरले. जेसीबी काल गेला.

आता मुख्य गोष्ट. लताबाई परवा माझ्यामागं बसून सगळं ऐकत व्हती. काल सकाळी ती पेटीतला कागद घेऊन आली. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावानं नाशकात सही घेतली व्हती, तिला वाटतं की ते विहिरीच्या लाईटीचं काम व्हतं. म्हणली, नवसाबाई, यात काय हाय? मला इंग्रजी येत नाय, पण आठवं कलम कुठं असतं ते आता मला ठाऊक हाय. आन् तळाला काय असतं ते बी. तिचा अंगठा हाय, त्याच्याखाली तुझी सही.

मी तिला अजून काय बोलले नाय. म्हणलं, माझी भाची येईल, ती वाचून दाखवंल. इतवारी ये. बाजरीची भाकरी करते. सगळं वाच तिच्यापुढं, शेवटच्या ओळीपतूर, तुह्या नावासकट.

वाट बघते. नाय आलीस तरी माया कमी व्हणार नाय. पण ये.

तुझी,
नवसामावशी